चेअरमनसाहेबांच्या गाडीतला वास

गाडीत कोणी बसायच्या आधी उत्रेश्वर गाडीचा वास घ्यायचा. सकाळी साडेआठला तो चारही दारं सताड उघडायचा, चपला बाहेर काढायचा, पुढच्या सीटवर गुडघे टेकायचा आणि एसीच्या जाळ्यांना एकेक करून नाक लावायचा. आधी डावीकडची, मग मधल्या दोन, शेवटी उजवीकडची. डोळे मिटलेले असायचे. रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाला वाटायचं, ड्रायव्हर गाडीच्या पाया पडतोय. मग तो उठायचा, चपला घालायचा आणि ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला निकाल सांगायचा.

"सायेब, आज धा मिन्टं दम धरा. आण्णाला आत्ता बसवू नका."

आता तालुक्याच्या दूध संघाच्या चेअरमनला, 'तुमच्याच गाडीत तुम्ही दहा मिनिटं बसू नका,' हे सांगायचं कोणी? मी. मी संघाचा सेक्रेटरी होतो. सांगण्यासारखं नसलेलं सगळं सांगायचं आणि लिहिण्यासारखं नसलेलं सगळं लिहायचं, याचाच मला पगार मिळत होता.

उत्रेश्वरची गंमत सांगण्यासाठी हे लिहितोय, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला त्या गाडीवरून मी उतरवलं. कागदावर जे कारण लिहिलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सही करताना मला ठाऊक होतं. त्यामुळे गंमत सांगतो, पण तेवढीच सांगून थांबणार नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावोगावचे कॅन निम्मे भरून येत होते, काही गावांचे नुसते धुतलेले परत येत. नेमक्या त्याच वर्षी आमच्या संघाने चेअरमनसाहेबांसाठी एसीची पांढरी गाडी घेतली. ठरावात मी लिहिलं, 'दुष्काळग्रस्त गावांच्या पाहणीसाठी सदर वाहनाची नितांत आवश्यकता आहे.' 'नितांत' हा शब्द माझा. आजही तो आठवला की माझी कानशिलं तापतात. जनावरं खाटकाच्या टेम्पोत चढत होती आणि आम्हाला गार हवेची नितांत आवश्यकता होती.

सहा महिन्यांत गाडीला वास लागला. एसी चालू केला की पहिली दोन-चार मिनिटं असा काही कुबट भपका यायचा की मागे बसलेला माणूस आपोआप दाराकडे सरकायचा.

"काय मेलंय का बे आत?" आण्णा गरजले. संघात चेअरमनसाहेबांना सगळे आण्णाच म्हणत.

"मेलं न्हाई आण्णा, जलमलंय," उत्रेश्वर म्हणाला. "बुरशी हाय."

आण्णांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांनी अत्तराच्या बाटल्या आणवल्या. आरशाला मोगरा लटकला, डॅशबोर्डवर लिंबू बसला, मागच्या काचेशी निळ्या पाण्याची एक डबी आली, तिच्यावर समुद्राचं चित्र होतं. आण्णांच्या मंडळींनी वरून धूप फिरवला. दुसऱ्या दिवशी गाडीत मोगरा, लिंबू, समुद्र, धूप आणि मूळचा कुबटपणा असे पाच जण एकमेकांच्या उरावर बसलेले. उत्रेश्वरने ती सगळी सामग्री काढून माझ्या टेबलावर आणून आपटली.

"कावून लावलं हे? आं? घाण झाकाया? पोराला खरूज झाली तर तुमी त्याला नवा शर्ट घालताव का? वासाचं घर हुडका, घर!"

माझ्यावर ओरडायचा त्याला काही अधिकार नव्हता. पण वासाच्या बाबतीत तो कोणाचा हुद्दा मानत नसे. जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी एकदा गाडीत बसले आणि त्यांनी सहज सेंटची फवारणी केली, तर याने गाडी थांबवून चारही काचा खाली केल्या आणि इंजिन बंद करून हा बाहेर जाऊन उभा राहिला. विचारलं तर म्हणाला, "मला सर्दी व्हती का वास व्हता, काईच कळंना झालं."

मग त्याने घर हुडकलं. समोरचा कप्पा काढून आतला फिल्टर बाहेर ओढला आणि वर्तमानपत्रावर ठेवून सरळ मासिक सभेत आणला. परळीच्या वीजकेंद्राच्या बाजूला आमच्या फेऱ्या फार, त्यामुळे त्यात तिथली राखाडी राख, चारा छावणीतला कडब्याचा भुसा, माती आणि एक वाळलेली गांधीलमाशी होती. संचालक चहा पीत होते.

"बगा," तो म्हणाला, "हे तुमी रोज छातीत घेताव."

दोन संचालकांनी कप खाली ठेवले.

एसीच्या हवा गार करणाऱ्या कॉईलचं त्याने मला नीट समजावून सांगितलं. गार पाण्याच्या माठाला बाहेरून जसा घाम येतो, तसा डॅशबोर्डमागच्या कॉईलला येतो. ते पाणी एका नळीतून गाडीखाली गळून जायला हवं. आमची नळी मातीने बुजलेली. आत पाणी साचतंय, वर अंधार, आणि आण्णा उतरताना एसी, पंखा, काचा सगळं एकदम बंद. "वल्ली फडकी मडक्यात कोंबून झाकन लावल्यावर काय व्हईल, सायेब?" त्याने सायकलचा पंप लावून नळी मोकळी केली, तर तांब्याभर काळं पाणी भळभळत खाली आलं. तेव्हापासून गाडी कुठेही थांबली की खाली टपटप सुरू व्हायची, आणि आसपासच्या कोंबड्या धावत येऊन गाडीखाली शिरायच्या. त्या उन्हाळ्यात चेअरमनसाहेबांच्या दौऱ्याचा प्रत्यक्ष फायदा झाला तो एवढ्या कोंबड्यांना.

नवा फिल्टर आणि कॉईल धुवायचा फेसाचा डबा हवा, असं त्याने सांगितलं. मी म्हणालो, तीन कोटेशनं लागतील. दुसऱ्या दिवशी त्याने तीन कोटेशनं आणली. तिन्ही एकाच दुकानदाराने तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली होती. मी तपासून मंजूर केली. नियम म्हणजे नियम.

फेस मारला, फिल्टर बदलला, वास बराचसा गेला. पण उत्रेश्वरचं म्हणणं, खरं औषध डब्यात नाही, सवयीत आहे. मुक्कामाला पोचायच्या दोन किलोमीटर आधी एसी बंद, पंखा जोरात, बाहेरची हवा आत, चारही काचा खाली. "कॉईल वाळू द्या, आण्णा." हे वाक्य त्याने त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की शिपाईसुद्धा एकमेकांना म्हणू लागले. कोणी जेवून लगेच उठला तरी, 'कॉईल वाळू दे की बे.'

आता चेअरमनसाहेबांचा मुक्काम कुठे? गावात, छावणीवर, टँकरच्या ठिकाणी. म्हणजे काचा खाली कुठे होणार? गावाच्या तोंडाशी.

यातली मेख आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तोवर आमचे पाहणी दौरे काळ्या फिल्मच्या काचांआडून चालत. पांढरी गाडी धुरळा उडवत यायची, छावणीच्या मांडवाला लागायची, आण्णा हार घेऊन, फोटो काढून परत आत. रस्त्याने घागरी घेऊन निघालेल्या बायकांना गाडी दिसायची, माणूस दिसायचा नाही. आता दोन किलोमीटर माणूस दिसायला लागला, आणि माणसालाही ते दोन किलोमीटर दिसायला लागले.

पहिले चार दिवस आण्णा खुश होते. दोन्ही बाजूंना हात जोडत होते. "लोकांत मिसळलं पाहिजे," असं मलाच सांगत होते. पाचव्या दिवशी लोक मिसळायला लागले.

"आण्णा, छावणीत गायी-बैलं घेतली, आमच्या शेरडा-मेंढरांनी काय माती खायाची का?"

"आण्णा, टँकर परवा येनार व्हता, तो कोन्त्या सालातला परवा?"

एका म्हातारीने टँकरच्या रांगेतून हात आत घालून आण्णांची बाही धरली. नुसती बाही धरून गाडीबरोबर चालत राहिली. उत्रेश्वरने गाडी तिच्या चालीवर आणली.

"काच वर घे!" आण्णा ओरडले.

"कॉईल वली हाय, आण्णा."

"काच वर घे म्हन्तो न बे!"

"घेतो की. आजींनी हात काढल्यावर घेतो. हात चेंबल त्यांचा."

आजींनी हात काढायला बराच वेळ लावला. पुढच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसलेला मी समोरच्या रस्त्याकडे बघत होतो. तसं बघत राहणं मला फार चांगलं जमतं.

संध्याकाळी आण्णांनी मला बंगल्यावर बोलावलं. "सेक्रेटरी, त्या हुंग्याला उद्या गाडीवरून काढा."

"कारण काय लिहू?"

"कारन तुमचं तुमी बगा. पगार कशाचा घेताव?"

काचा उघड्या ठेवल्या म्हणून, असं कागदावर लिहिता येत नाही. 'लोक चेअरमनशी बोलले' हा गुन्हा कुठल्याच नियमावलीत नाही. म्हणून मी लिहिलं, 'सदर वाहनात सतत दुर्गंधी येत असून चालकाने वाहनाची योग्य ती निगा राखलेली नाही, सबब त्यांची बदली कॅन धुलाई विभागात करण्यात येत आहे.' संपूर्ण तालुक्यात त्या वासाशी ज्याने एकट्याने झुंज दिली, त्याला मी त्याच वासाच्या नावाखाली काढलं. याची लाज सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि शब्द जुळवणं हाच माझा धंदा होता.

उत्रेश्वरने मेमो दोनदा वाचला. नोकरीबद्दल, बदलीबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "सायेब, चला."

"कुठे?"

"गाडीपाशी. तुमी सोता वास घ्या, मंग सही ऱ्हाऊ द्या न्हाईतर खोडा."

त्याने दारं उघडली. पुढच्या सीटवर गुडघे टेकून मी जाळीला नाक लावलं. डावी, मधल्या दोन, उजवी. एसी चालू केला. कसलाच वास नव्हता. धुतलेल्या काचेच्या पेल्याला जेवढा असतो तेवढाही नाही. माझ्या मागे तो उभा होता.

"आला?"

संघाच्या पायरीवर चार माणसं आमच्याकडे बघत होती. वरच्या मजल्यावर आण्णांची खिडकी उघडी होती.

"येतोय," मी म्हणालो. "थोडासा."

मी आत गेलो. त्या दिवशी दुपारभर मी खिडकीतून बघत होतो. उत्रेश्वर दारं लावून गाडीत बसून होता. जाळ्यांना नाक लावत होता, सीटखाली वाकत होता, पायपुसणी उचलून हुंगत होता. पुन्हा पहिल्यापासून. ज्या नाकावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता, ते नाक मी त्याच्यापासून तोडलं, असं मला वाटलं. पाच वाजता त्याने किल्ली शिपायाकडे दिली आणि माझ्याकडे न बघता गेला.

नवा ड्रायव्हर आला. काचा वर गेल्या. मेंढरांचं काय, हा प्रश्न काळ्या फिल्मच्या पलीकडे राहिला.

दोन महिने मी कॅन धुलाईच्या शेडकडे गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. धुवायला फारसे कॅन नव्हतेच. उत्रेश्वर ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, मी त्याला बसवलं आणि शेजारी बसलो. मनात घोकून आणलेलं एका दमात बोलून टाकलं.

"उत्रेश्वर, त्या दिवशी गाडीत वास नव्हता. मी खोटं बोललो. तुझं नाक चांगलं आहे. आण्णांना भिऊन बोललो मी."

मला वाटलं होतं, तो चिडेल. शिव्या देईल. किंवा त्याच्या मनावरचा भार उतरेल, आणि थोडा माझाही. तो ओट्यावरचं पाणी बोटाने पुढे लोटू लागला.

"नव्हताच व्हय?" तो म्हणाला.

"नव्हता."

"जरासुदिक?"

"नाही रे."

"म्या बी तेच म्हनत व्हतो. पन तुमी म्हनलाव थोडा येतुय, म्हून म्हनलं, ऱ्हायला आसंल कुटं. दिसभर हुडकला."

"तुझा स्वतःवरचा विश्वास उडावा असं मला—"

"तसं न्हाई सायेब." त्याने मान हलवली. मग सांगू की नको अशा आवाजात म्हणाला, "माजा बाप मेंढरं राखायचा. पाऊस आला की मला घोंगड्यात घ्यायचा. वल्ल्या घोंगड्याचा वास आसतो न, तस्साच वास व्हता तो. दुसरा कसलाच न्हाई. पैल्या दिशी गाडीत आला, तवा म्या दारं लावून तितंच बसून ऱ्हायलो. आता मेंढरं गेली, बाप बी गेला, घोंगडं त्याच्या अंगावरच दिलं. पाऊस तर न्हाईच. काम व्हतं, म्हून काडला वास. चांगला काडला. पन तुमी येतुय म्हनलाव, अन मला वाटलं, सापडंल."

त्याच्या हातात एवढंच राहिलं होतं, की कुठेतरी थोडासा उरला असेल. मी मोकळा व्हायला गेलो आणि तेही काढून घेऊन आलो.

"मी मेमो मागे घेतो," मी म्हणालो. "आण्णांशी भांडतो. तुला गाडीवर परत आणतो."

"नगं सायेब," तो म्हणाला, आणि कॅन ओढून आतून घासू लागला. "आता त्या गाडीत काय हाय?"