दमट माणसांना मज्जाव

आमच्या चाचणीच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचे तळहात बापू गवारे आधी स्वतः चाचपून पाहत. कोरडे असतील तर प्रवेश. नसतील तर पंचा पुढे येई. एकदा खुद्द मालक वाफाळता चहा घेऊन आले, तेव्हा बापूंनी त्यांनाही उंबऱ्यावर अडवले. "साहेब, दमट माणूस आत न्हाई. आधी चहा संपवा, मग या."

माझ्या तळहातांना संकोचापायी बाराही महिने घाम. "सर, तुमी पाऊस खिशात घिऊन फिरता राव," म्हणत ते मला रोज पंचा देत आणि मी रोज क्षमा मागत असे.

भोसरीतल्या त्या छोट्या कंपनीत आम्ही उजेड ओळखणारे सेन्सर बनवत होतो. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर दिलेली, फोटोच्या निगेटिव्हसारखी लवचिक पट्टी. तिला सेल लागत नाही. उजेड पडला की ती स्वतःच किंचित वीज निर्माण करते. तिचा वैरी एकच, ओलावा. ओल शिरली की तिचा काळसर रंग पिवळा पडत जातो आणि ती कायमची मुकी होते. मी हे तासभर समजावून सांगत असे. बापू दोन वाक्यांत उरकत. "उजेडावर जगती. ओलीनं मरती."

बापू मूळचे भोसरी गावातलेच. उभे आयुष्य प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढून, निवृत्तीनंतर ते आमच्याकडे पट्ट्या वाकवून पाहण्याच्या यंत्रावर आले. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते पट्टीला म्हणत, "जरा सोस गं बाई." नापास पट्टीला कोणी 'रिजेक्ट' म्हटलेले त्यांना खपत नसे, ती 'आजारी'. सदऱ्याच्या खिशात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कायम. कंपनीच्या गणपतीत त्यांनी मोदकांच्या ताटातही एक ठेवली, आणि गुरुजींनी ती खडीसाखर समजून फोडली.

पुढे टाकाऊ मालाच्या पेटीतून आजारी पट्ट्या नाहीशा होऊ लागल्या. त्यांत शिसे असते, त्यामुळे त्या बाहेर नेण्यास सक्त मनाई. नेणारे बापूच, हे लवकरच उघड झाले. मालकांनी मला बोलावले. "सर, त्यांच्या घरी जा. सगळ्या पट्ट्या परत आणा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगा." नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही, हे त्यांना ठाऊक होते.

रविवारी सकाळी गेलो. दार उघडेच होते. आतून रातकिड्यासारखी बारीक किर्रकिर्र येत होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि ती एकदम थांबली.

बापू आतून जवळजवळ धावत आले. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "तुमी व्हय," ते म्हणाले, आणि सवयीने माझा तळहात चाचपून त्यांनी मला आत घेतले. किर्रकिर्र पुन्हा सुरू झाली.

दारासमोरच्या भिंतीवर, जिथे सकाळचे ऊन पडते तिथे, सहा पट्ट्या एकमेकींना जोडून चिकटवल्या होत्या. खाली इवलासा बझर. उन्हात तो किरकिरत राही. दारात कोणाची सावली पडली की गप्प.

"मंडळींची नजर साखरेनं गेली," बापू म्हणाले. "मी कामावर, ती घरात एकटी. कोण आलं, कोण गेलं, कळंना. म्हून हे केलं. आवाज थांबला की कुणीतरी आलं. मी मुद्दाम दारात जरा जास्तच येळ उभा राहायचो. मग ती आतनं वरडायची, 'आलात व्हय? मग उजेड सोडा की आता!'"

"त्या कुठे आहेत?"

"दिवाळीच्या आधी गेली." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते घाईने म्हणाले, "कंपनीत बोललो न्हाई. समदी रडाय लागली असती. त्या खोलीत उगा ओल."

मी अडखळत मालकांचा निरोप सांगितला. त्यांनी फडताळातला डबा आणून माझ्या हाती दिला. त्यात पिवळ्या पडलेल्या पट्ट्या होत्या, आणि पुढे बदलायला ठेवलेल्या काही काळ्याही. मग ते भिंतीशी गेले. त्यांनी पंचाने आधी डोळे पुसले, नंतर हात पुसले, आणि मगच पहिल्या पट्टीला बोट लावले.

"त्या राहू द्या," मी म्हणालो.

"साहेब इचारतील."

"सगळ्या आणल्या म्हणून सांगेन."

बापूंनी वाकून पट्ट्या निरखल्या. "कडंनं पिवळ्या पडाय लागल्यात," ते म्हणाले. "आठ दिस बोलतील. लई झालं."

डबा घेऊन मी उंबऱ्यात आलो. किरकिर थांबली. माझ्या पाठीमागे, आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून बापू हलकेच म्हणाले, "कुणी न्हाई गं. सर निघालेत."

मी घाईने उजेडातून बाजूला झालो.