झोपायची गाडी आणि अडतीस मुळे

शशिकांत देवस्थळी त्सुकुबातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात, मालकाच्या डोळ्यांदेखत, एका चिमुकल्या व्हॅनच्या मागच्या भागात उताणा पडला होता. बूट मात्र काढून, नीट जोडून खाली ठेवले होते. जपानमध्ये सहा वर्षं काढलेला माणूस विहिरीत उडी मारायची वेळ आली तरी आधी बूट काढेल.

"शशी, ऊठ आता. लोक बघतायत," सुप्रभा दबक्या आवाजात म्हणाली.

"बघू देत. ही चौथी गाडी. पहिल्या तिन्हीत गुडघे बाहेर होते, हिच्यात फक्त टाचा."

गाडी आखूड ही जणू आपलीच चूक असावी असा चेहरा करून मालक वाकले आणि त्यांनी पुढची सीट आडवी करून टेप लावली. एक मीटर नव्वद. शशिकांत एक मीटर ऐंशी.

"घेतली!" शशिकांत म्हणाला. हे ऐकून शेजारच्या दुकानातून दोन माणसं काय झालं ते बघायला बाहेर आली.

आता हा आवाज काय प्रकार आहे ते सांगायला हवं. शशिकांत मातीचा शास्त्रज्ञ, संशोधन संस्थेत नोकरी, स्वभावाने लोणी. पण वाढला बार्शीत, जिनिंगच्या गिरणीला लागून असलेल्या घरात. तिथे "मीठ दे" हेसुद्धा गिरणीच्या वर आवाज चढवूनच सांगायचं. गिरणी सुटली, आवाज राहिला. संस्थेत त्याच्या टेबलासमोर एक कागद लावलेला होता : ओठांवर बोट ठेवलेला एक गोड ससा, आणि खाली 'कृपया हळू.' नाव कुणाचं लिहिलेलं नव्हतं, पण ससा बघत मात्र शशिकांतकडेच होता. घरी दहा वर्षांची कश्मिरा कानांवर हात ठेवून "पापा, उरुसाई!" म्हणायची, म्हणजे केवढा गोंगाट! सहा वर्षांत बिचारा इतका दबून गेला होता, की शिंकसुद्धा उशीत द्यायचा.

आणि एके दिवशी तो संस्थेच्या शेताच्या कडेला उभा राहून आईशी फोनवर बोलत असताना, पार पलीकडच्या बांधावरून इसोझाकी-सान चालत आले. हे तिथले निवृत्त तंत्रज्ञ, वय बहात्तर. शशिकांतने घाबरून फोन बंद केला आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"शशी-सान," इसोझाकी-सान म्हणाले, "हा आवाज सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो का?"

उत्तरेकडच्या डोंगरात त्यांची आठ म्हाताऱ्यांची शिकारीची टोळी होती. भूकंपात अणुभट्टी फुटली तेव्हापासून पायथ्याची बरीच शेतं ओस पडली होती आणि रानडुकरं माजली होती. चौघे बंदुका घेऊन वर थांबायचे, चौघे खालून हाकारा करत डुकरं वर पिटाळायचे. "पण आमचे घसे म्हातारे झाले. डुकरं आता आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्ही आलात तर फार बरं होईल. फक्त आदल्या संध्याकाळी पोचावं लागतं, आणि तिथे हॉटेल नाही. जो तो आपल्या गाडीत झोपतो. झोपायची सोय झाली तर पंधरा नोव्हेंबरला या."

सहा वर्षं सगळा देश त्याला हळू बोल म्हणत होता, आणि आता कुणालातरी तो मोठ्याने हवा होता! शशिकांतचे डोळे भरून आले.

"मुंगी मारायची तरी तू मला हाक मारतोस," सुप्रभा म्हणाली. "आणि शिकारीला?"

"मी मारणार नाही गं. नुसता ओरडणार."

"त्यासाठी गाडी कशाला? ते तू बाल्कनीतूनही करतोस." पण तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाड्या बघायला त्याच्याबरोबर निघाली. इतका खूश तो कश्मिराच्या बारशानंतर आजच दिसत होता.

गाडी आली, आणि टोळी कामाला लागली. ओनुकी-सान नावाच्या सुताराने मापात फळ्या कापून पलंग करून दिला. इसोझाकी-सानच्या बायकोने पडदे शिवले. कुणी गादी दिली, कुणी खिडक्यांना लावायचे थंडी अडवणारे चंदेरी पत्रे कापून दिले. पैसे कुणीच घेईनात.

"असं कसं फुकट घ्यायचं?" सुप्रभा म्हणाली. दिवाळीचे दिवस होते. तिने ओनुकी-सानकडे स्टीलचा डबा भरून चिवडा पाठवला.

दोन दिवसांनी डबा परत आला. सोबत हातभर लांबीचे चार मुळे. सुप्रभाने मुळ्यांची टोपली बघितली. टोपली रिकामी परत जाणार नव्हती, तिच्या सात पिढ्यांत कुणी तसं केलं नव्हतं. टोपलीतून चकल्या गेल्या. चकल्यांवर पेटीभर पर्सिमॉनची केशरी फळं आली. पेटीतून शंकरपाळे गेले, शंकरपाळ्यांवर दोन भोपळे आणि तांदळाचं पोतं आलं. घेतलं की परत द्यायचं ही तिकडचीही रीत. दोन्हीकडची माणसं एकाच वळणाची निघाल्यावर थांबायचं कुणी? आणि असं एका घराशी नाही, आठ घरांशी!

दोन खोल्यांच्या घरात मुळे मावेनात. कश्मिराने आपल्या पलंगाखालून तीन काढून दाखवले तेव्हा सुप्रभा म्हणाली, "गाडीत ठेव सगळं. थंड आहे, टिकेल."

चौदा तारखेला शशिकांतने गाडीचं मागचं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. पलंगावर अडतीस मुळे, भोपळे, पोतं, पेट्या आणि मुरवलेल्या मुळ्यांचं एक पिंप झोपलेलं होतं. त्यावर सुप्रभा बेसनाच्या लाडवांच्या आठ पिशव्या रचत होती.

"मी कुठे झोपू?"

"पोचलास की आधी वाटून टाक. जागाच जागा."

"लाडू वाटीन. मुळे? मुळे त्यांचेच आहेत!"

"मग ज्याचे त्याला देऊ नकोस. ओनुकींचे इसोझाकींना दे, इसोझाकींचे ओनुकींना. एवढं पीएचडी झालास ना?"

तो सात वाजता पायथ्याशी पोचला. आठ गाड्या ओळीने उभ्या होत्या, आठांचे पडदे ओढलेले, आणि आठांतून घोरणं येत होतं. म्हातारे सहालाच झोपले होते. लाडू द्यायला झोपलेल्या शिकाऱ्याला उठवायची शशिकांतची छाती होईना. तो स्टिअरिंगमागे बसूनच राहिला. मांडीवर भोपळा, कारण दुसरीकडे तो घरंगळत होता. त्यात घाटाच्या वळणांवर पिंपाचं झाकण सैल झालं होतं. मुरवलेल्या मुळ्याचा वास ज्याने बंद गाडीत घेतला नाही, त्याने देवाचे आभार मानावेत. काच बंद केली की मुळा, उघडली की नोव्हेंबर. त्याने नोव्हेंबर पत्करला.

पहाटे सुप्रभाचा फोन आला. "हॅलो? पोचलास ना नीट? शशी? अरे, मोठ्याने बोल की जरा!"

शशिकांत मोठ्यानेच बोलत होता. तोंडातून नुसती वाफ निघत होती. घसा पार बसला होता.

हे इसोझाकी-सानना सांगायचं कसं? सांगायलाही आवाज लागतो. त्याने खाणाखुणा केल्या, पण गडबडीत त्यांना वाटलं हा देवाला नमस्कार करतोय. त्यांनी त्याला ओळीत मधोमध उभं केलं, सगळ्यात मोक्याच्या जागी. उजेड झाला. दोन्ही बाजूंनी "होऽऽ! होऽऽ!" सुरू झालं. मधे शशिकांत तोंडाचा आ करून चालत होता.

डुकरं शहाणी. सगळ्या डोंगरावर एकच जागा शांत आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. एक मादी आणि तिची चार पिल्लं झुडपातून निघाली आणि शशिकांतपासून दहा पावलांवरून, घाई न करता, खाली निघून गेली. शेवटच्या पिल्लाने थांबून त्याच्याकडे बघितलंसुद्धा.

दुपारी सगळे गाड्यांपाशी जमले. वर एकही गोळी झाडली गेली नव्हती. शशिकांत कमरेत इतका वाकला की कपाळ गुडघ्यांना लागायचं राहिलं. "माफ करा," तो कुजबुजला. "घसा बसला. पाचही माझ्याच समोरून गेली." संपलं, त्याला वाटलं. उद्यापासून पुन्हा तो ससा.

"बसला कशाने?" इसोझाकी-सान म्हणाले. "तुमची गाडी तर आम्ही चांगली उबदार केली होती." त्यांनी मागचं दार उघडलं. दोन मुळे त्यांच्या पायावर पडले.

ओनुकी-सान पुढे झाले. "तो भोपळा माझा."

"पिंप माझं," आणखी कुणी म्हणालं.

"आणि तुम्ही झोपलात कुठे?"

शशिकांतने स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. इसोझाकी-सान खाली बसले, आणि खांदे गदगदा हलायला लागल्यावर कळलं की ते हसतायत. "माझी बायको परवा म्हणाली, त्या बाईंना कुणीतरी थांबवा हो, आपली बाग संपली! शेवटचे सहा मुळे आम्ही सुपरमार्केटातून आणलेत."

"शेवटचा चिवडा," शशिकांत कुजबुजला, "आम्हीपण टोकियोहून विकत मागवला."

मग मात्र आठही म्हातारे हसत सुटले. भलंमोठं पातेलं चुलीवर चढलं. भूकंपापासून, किरणोत्साराच्या भीतीने, ही टोळी इथलं मांस पातेल्यात घालत नव्हती; तेव्हापासून त्यात नुसता चहा उकळायचा, आणि प्रत्येक जण आपापल्या गाडीत बसून दुकानातला भात खायचा. आज त्यात मुळे पडले, भोपळा पडला, सोयाबीनचं खारट मिसो पडलं, बाजूला तांदूळ शिजला. वर बेसनाचे लाडू. शशिकांतला तो कढत रस घशाखाली उतरताना असं वाटलं, की ही माणसं आपली कोण कुठली, आणि केवढं केलं यांनी आपल्यासाठी! तो उठला, वाकला, आणि आभाराचं मोठं वाक्य जुळवायला लागला.

"आभार पुरेत," इसोझाकी-सान म्हणाले. "पातेलं घासायचं आहे. टोळीत जो सगळ्यात धाकटा, तो भांडी घासतो."

हे ऐकताच ओनुकी-सान ताडकन उठले. वय वर्षं सहासष्ट. अकरा वर्षं टोळीत तेच धाकटे होते. त्यांनी आपली घासणी दोन्ही हातांत धरून, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तशी, शशिकांतच्या हाती दिली. ते खोल वाकले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "शशी-सान, तुमचे फार फार उपकार झाले."

ओढ्याचं पाणी बर्फासारखं होतं. शशिकांत खसाखसा पातेलं घासत होता, बोटं बधिर झाली होती, आणि तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. त्याने पातेलं पालथं घातलं, तेवढ्यात मागे घडीच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले ओनुकी-सान सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असे ओरडले,

"ए शशी! बुडाला काळं राहिलंय, परत घास!"