धुरपतामायची लंडनची बाई

तुमच्या डब्यातली हळद कुणी निवडली, हे तुम्ही आयुष्यात एकदा तरी विचारलं आहे का?

नसेल विचारलं. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर हळदीच्याच वखारीत कारकून होतो. पण आमच्या वखारीत एक बाई होती. आपण निवडलेली हळद कोण खाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाणारी बाई लंडनला राहत होती. तिला दोन लेकरं होती, धाकट्याला नुकते दात येत होते. सासू खाष्ट होती. नवरा आगबोटीवर होता आणि सहा सहा महिने घरी फिरकत नव्हता. घरात चूल एकच, तीही धुरकट.

यातलं एक अक्षरही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

धुरपतामाय तिचं नाव. कुरुंद्याच्या रस्त्यावर आमची वखार. कंपनी मुंबईची, माल जायचा साता समुद्रापार. शेतकऱ्याकडून शिजवून वाळवलेली हळद यायची. तीस-बत्तीस बाया पत्र्याखाली बसून ती निवडायच्या, म्हणजे खडे, माती, कीड लागलेली हळकुंडं काढायच्या, आणि चांगला माल पोत्यात भरायच्या. धुरपतामाय या सगळ्यांची म्होरकी. साठीची, वाळक्या खारकेसारखी, कपाळ मोकळं, हात मनगटापर्यंत पिवळे. ती हळद डोळ्यांनी निवडत नसे, कानांनी निवडत असे. हळकुंड कानाशी धरायचं आणि मोडायचं. टणकन वाजलं तर पोत्यात. नुसतंच कुजबुजलं तर पुन्हा उन्हात.

"हे बग, हे अजून रडून राहिलं," ती ओलसर हळकुंड माझ्यापुढं धरून म्हणायची. "रडतं पोरगं सासरी धाडतेत का?"

मी एकदा हौसेनं एक हळकुंड कानाशी नेऊन मोडलं. मला काहीच ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "तुमी पत्रकवाले. तुमाला मोठा आवाज लागतो."

पत्रकवाला हे मला तिनंच ठेवलेलं नाव. ते चुकीचं नव्हतं. मी अक्षर ओळखायला शिकलो तो वडिलांनी जपून ठेवलेल्या चळवळीच्या पत्रकांवर. अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडं जायचा.

लंडनच्या बाईचा धाक वखारीत मुकादमापेक्षा मोठा होता. कुणी बाई गप्पांच्या नादात खडा सोडून गेली की धुरपतामाय ओरडायची, "अगं ये भवाने, तिच्या लेकराच्या नव्या दाताखाली जाईल ना तो!" पावसानं ट्रक अडकला, तर दिवसभर हळहळ, "आज बिचारीच्या घरी पांढरं वरण." एका पोरीनं सांगून पाहिलं, की गोरे लोक वरण खात नाहीत. धुरपतामाय हसली. "मंग काय खातेत, गवत?"

मी तिला सरळ सांगितलं. म्हटलं, "माय, माल कितीतरी देशांत जातो. तिथं मोठमोठे कारखाने आहेत. ते दळतात, डब्यात भरतात. तुझी बाई कुठंच नाही."

"त्या कारखान्यात बाया न्हाईत का?"

"असतील."

"मंग?" असं म्हणून तिनं पुढचं हळकुंड कानाला लावलं.

मग एका वर्षी मुंबईहून नवे साहेब आले. तरुण, घामेजलेले, सतत चष्मा पुसणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आज लिहू शकतो. तेव्हा लिहिलं नसतं. त्यांनी सगळ्यांना पत्र्याखाली जमवलं आणि वखारीच्या भिंतीवर खडूनं कंपनीचा नकाशा काढला. वर एक चौकोन, त्याखाली तीन, त्याखाली आणखी, आणि अगदी तळाशी एक लांब ओळ. 'निवड'.

"परदेशात आता दुसऱ्या एका देशाची हळद येते," ते म्हणाले. "आपल्यापेक्षा स्वस्त. सगळी हळकुंडं एकसारखी, जणू एका साच्यातली. तिथं मशीन निवडतं. बाजार बदलला आहे, तर कंपनीलाही बदलावं लागेल. नाहीतर कंपनीच राहणार नाही."

"बदला की," धुरपतामाय म्हणाली. "कंपनी बदला. आमाला काहून बदलून राहिले?"

बाया हसल्या. साहेबांनी ओल्या फडक्यानं तळची ओळ पुसली आणि त्या जागी दोन छोटे चौकोन काढले. एक मशीनचा. एक मशीनजवळ बसणाऱ्या सात-आठ बायांचा.

धुरपतामाय उठून भिंतीजवळ गेली आणि मान वाकडी करून बघत राहिली. "सायेब, उतरंडीचं खालचं गाडगं काढल्यावर वरची ऱ्हातेत का?"

"बाई, हा नकाशा आहे, उतरंड नाही."

"आसं व्हय. तुमी खडूनं काढला म्हणून न्हाई पडायचा."

या वेळी बाया हसल्या नाहीत. त्यांना पुसलेली ओळ दिसत होती.

मग साहेबांनी खिशातून पत्र काढलं. परदेशातल्या गिऱ्हाईकाचं, इंग्रजीत. त्याचं मराठी मीच करून सांगितलं. मालात परकी वस्तू सापडली. पिवळा सुती दोरा. दर वेळच्या मालात एका पोत्यात, दोऱ्यानं बांधलेलं एक फाटे फुटलेलं हळकुंड. असा निष्काळजीपणा पुन्हा दिसला, तर माल घेणं बंद.

"हातानं निवडलं की असं होतं," साहेब म्हणाले. "मशीन दोरे बांधत नाही. हे कुणी केलं, तिचं नाव शनिवारपर्यंत मला कळलं पाहिजे. नाव कळलं, तर बाकीच्यांसाठी मी मुंबईला शब्द टाकीन. नाही कळलं, तर सगळ्यांचा हिशेब एकदमच."

त्या रात्री जागून मी एक पत्रक लिहिलं. वसमतला जाऊन मी पत्रकाच्या प्रती काढून आणल्या आणि दुपारच्या सुट्टीत पत्र्याखाली उभा राहून मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य मला आजही पाठ आहे. 'हा दोरा कंपनीनेच टाकला आहे!' पुढं सगळं खरं होतं. वीस-वीस वर्षं राबलेल्या बायांना एका फडक्यानं पुसता येत नाही. दोन देशांच्या शर्यतीत धावतात व्यापारी, आणि धाप लागते निवडणाऱ्या बाईला. बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर मला ओवाळायचंच बाकी ठेवलं.

धुरपतामाय टाळी वाजवत नव्हती.

"पत्रकवाले," तिनं मला पोत्यांच्या थप्पीमागं नेलं. "हे पयलं वाक्य तुमी डोळ्यानं पायलं का?"

"डोळ्यानं कशाला पाहायला हवं? डाव उघड आहे."

"मी हळकुंड न मोडता कवा पोत्यात टाकलं का?"

तिनं कमरेच्या पिशवीतून एक हळकुंड काढलं. लेकुरवाळं. म्हणजे मोठ्या कांडीला लहान लहान फाटे फुटलेलं, अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या बाईसारखं. लग्नात, ओटीत असलंच मानाचं असतं. पण कंपनीच्या नियमानं ते बाद, कारण ते एकसारखं दिसत नाही. त्याला हळदीत बुडवलेला दोरा सात वेढे घालून बांधलेला होता.

"दर ट्रकाला एक," ती म्हणाली. "तिची ओटी."

मला आधी राग आला. आमच्या घरातून असले विधी वडिलांनी धम्मदीक्षेबरोबरच काढून टाकले होते. मी म्हणालो, "माय, या हळदीकुंकवापायी बायांच्या पिढ्या बांधल्या गेल्या. आता तीस जणींची भाकरी जाणार. टाकून का देत नाहीस हे सगळं?"

"तुमी टाकलं, चांगलं केलं," ती शांतपणे म्हणाली. "ज्याच्यापाशी हाय, त्यानं टाकावं. माझ्यापाशी कुठं हाय टाकायला?"

मग तिनं सांगितलं. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी नवरा गेला. भावाच्या वाड्यावर, मेंढ्या-शेळ्यांत परत आली. भावाची पोरगी हिनंच वाढवली. त्या पोरीच्या लग्नाची हळद हिनंच निवडली, एकेक हळकुंड कानाला लावून. हिनंच दळली. आणि लावायची वेळ आली तेव्हा भावजय म्हणाली, धुरपता, जरा शेळ्या बगून या.

"मी गेले बगायला. शेळ्या बराबर होत्या. त्याईला काय झालं न्हवतं."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"चाळीस वर्सं झाले, हे हात पिवळे हायेत. पर या हातानं कुणी टिकली एवढी हळद लावून घेतली न्हाई. गावात समद्याईला ठावं हाय मी कोण ते. त्या लंडनच्या बाईला कुठं ठावं हाय?"

शनिवारची वाट तिनं पाहिली नाही. त्याच दुपारी साहेबांच्या टेबलावर ते बांधलेलं हळकुंड ठेवलं आणि म्हणाली, "तुमची परकी वस्तू. मीच टाकली. पर परकी कशी? ही बी हळदच हाय. आता तुमचा शब्द टाका."

साहेबांनी ते हळकुंड उचललं, फिरवून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, हे सगळं ठीक आहे. पण तिकडच्या माणसाला ओटी कळत नाही. त्याला दोरा दिसतो."

"माणसाला न्हाई कळायची. त्याच्या घरच्या बाईला इचारा."

संध्याकाळी तिचा हिशेब झाला. साहेबांनी मुंबईला शब्द टाकला, हे खरं आहे. पत्राचा मसुदा मीच लिहिला. मुंबईहून उत्तर आलं नाही, मशीन आलं. सात बाया राहिल्या, बाकीच्या गेल्या. मी पुन्हा पत्रक घेऊन साहेबांकडं गेलो. त्यांनी फाइल उघडली, माझंच जुनं पत्रक काढलं आणि पहिल्या वाक्याखाली बोट ठेवलं. "हे खोटं निघालं ना? मग खालचं कुणी का वाचावं?" खालचं सगळं खरं होतं. पण ते एक हळकुंड मी कानाला लावलं नव्हतं. त्या बाया मला अजून बाजारात भेटतात. एकही जण मला बोल लावत नाही. त्यापेक्षा त्यांनी लावलेला बरा.

मी अजून तिथंच कारकून आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

परवा धुरपतामायला भेटायला गेलो. भावाच्या शेळ्यांमागं असते आता. हातांचा पिवळा रंग जाऊन हात साधे, म्हाताऱ्या बाईचे झाले आहेत. तिनं वखारीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"तिनं ते फेकलं का ठिवलं, काय कळलं का?"

"नाही कळलं, माय." त्या पहिल्या वाक्यापासून मी न पाहिलेलं काही सांगत नाही.

तिनं थोडा विचार केला. एक शेळी बांधावरून पलीकडं चालली होती, तिला हाक मारून आणलं. मग म्हणाली, "ठिवलं आसल. फेकणारी आसती तर पत्रात दोऱ्याचा रंग कशाला लिव्हला आसता? हातात घेऊन पायलंय तिनं."

लंडनची बाई आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तुम्ही आहात. तुमच्या गल्लीत एखादी धुरपतामायही असणार, आणि तुमच्या घरात लवकरच एखादं लग्न निघेल. हळदीचा विधी मानायचा की सोडायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत तुम्हाला कळलंच आहे. पण हळद लागणार असेल, तर आदल्या दिवशी स्वतः तिच्या दारी जा. निरोप धाडू नका. आणि दुसऱ्या दिवशी हळदीची वाटी सगळ्यांत आधी तिच्या हातात द्या.