मखुलूच्या छपरावरची डिश

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या न्दुलिनी गावात दूरसंचाराची व्यवस्था चोख आहे. गावामागच्या टेकडीवर एक खडक आहे. त्यावर चढून समुद्राकडे तोंड केलं आणि डावा हात वर धरला की फोन लागतो. खडकावर एका वेळी एकच माणूस मावतो, म्हणून खडक समिती स्थापन झाली आणि मी, लुन्गिले, तिचा सचिव झालो. आधी मयत, मग बाळंतपण, मग चोरीला गेलेली गुरं आणि सगळ्यात शेवटी प्रेम, असा क्रम आम्ही ठरवून दिलाय. तक्रारी येतात त्या फक्त प्रेमवाल्यांच्या.

अडचण आली ती मखुलूमुळे. मखुलू म्हणजे आजी. सगळं गाव तिला याच नावाने हाक मारतं. तिचा नातू लुथांडो आयर्लंडच्या एका दवाखान्यात परिचारक आहे. त्याला मुलगी झाली. आमच्यात नवं बाळ घरच्या गुरांच्या गोठ्यात नेऊन पूर्वजांना दाखवतात आणि बोकड कापतात. तसं नाही केलं तर पूर्वज बाळाला ओळखत नाहीत आणि बाळाला झोप लागत नाही. ही पोर खरंच झोपत नव्हती. लुथांडोही झोपत नव्हता आणि त्याचे आयरिश शेजारीही झोपत नव्हते. त्याला ना रजा, ना तिकिटाची ऐपत.

मग वडीलधारे ज्वारीच्या घरगुती दारूसमोर विचाराला बसले. दारू संपेपर्यंत निर्णय झाला. पूर्वज स्वतःच देहाने हजर नसतात, तेव्हा बाळाने देहाने यावं असा हट्ट त्यांना धरता येणार नाही. गोठ्यात व्हिडिओवर दाखवलं तरी चालेल. पण खडकावर नुसता आवाज येतो, चित्र येत नाही, आणि गोठा काही उचलून खडकावर नेता येत नाही. म्हणजे गोठ्यात इंटरनेट हवं. मखुलूने बोकड आणून बांधला आणि वाट बघायला लागली.

इंटरनेट आकाशात तयारच होतं. एका परदेशी कंपनीचे उपग्रह आमच्या डोक्यावरून रोज फिरत होते, छपरावर डिश बसवली की झालं. पण परवाना हवा असेल तर कंपनीची तीस टक्के मालकी गोऱ्यांच्या राजवटीत वंचित राहिलेल्यांना द्यावी, असा आमच्याकडे नियम आहे. नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. मखुलूच्या नवऱ्याने दुकानाचा परवाना मागितला होता. साहेबाने त्याच्या कातडीकडे बघितलं आणि अर्ज परत केला. तो बिचारा जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलून मेला. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

कंपनीचा मालक म्हणाला, रंग बघून मी कुणाला वाटा देणार नाही. सरकार म्हणालं, मग तुझं आकाश घेऊन घरी जा. यावर देशभर कडाक्याचा वाद झाला. वाद घालणाऱ्या सगळ्यांकडे इंटरनेट होतं, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. इकडे बोकडाला दाढी आली.

शेवटी कंपनीने सल्लागार नेमला. फाकामिले साहेब. ते स्वतः इतक्या कंपन्यांत वंचित म्हणून संचालक होते की त्यांना आणखी कुठे वंचित व्हायला वेळच उरला नव्हता. म्हणून ते ताजा वंचित शोधत आमच्या गावात आले. मखुलू कृष्णवर्णीय, बाई, म्हातारी, खेड्यातली आणि वर विधवा. संडासाचं मोडकं दार बघून तर साहेबांचा चेहरा उजळला.

"मखुलू, तुमच्यासारखं माणूस प्रिटोरियात शोधून सापडायचं नाही," ते म्हणाले.

"गोठ्यात माझी पणती दिसेल का, तेवढं सांग."

"दिसेल की. पणतीच काय, तिचे दातसुद्धा दिसतील."

मखुलूने सही केली आणि तीस टक्के आकाशाची मालकीण झाली. पत्र्यावर डिश बसली. बोकडाला आंघोळ घातली. आता बटण दाबायचं, तेवढ्यात वंचितपणाची तपासणी करणारे अधिकारी दारात हजर.

त्यांचा पहिला आक्षेप असा, की परदेशी कंपनीची मालकीण वंचित कशी? शंका आली म्हणून त्यांनी तिची म्हातारपणाची पेन्शन थांबवून टाकली. फाकामिले साहेबांनी ठामपणे सांगितलं, की मालकी केवळ कागदावर आहे. नफा सगळा सल्ल्याच्या खर्चात जाईल, बाईंपर्यंत काहीही पोचणार नाही. अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. मग ती वंचितच, असं त्यांनी मान्य केलं. पण दुसरा आक्षेप उरला. ज्याच्या घरी वेगवान इंटरनेट आहे, तो व्याख्येप्रमाणे वंचित नाही. डिश सुरू झाली की मखुलूचे वंचितपणाचे गुण जाणार, गुण गेले की परवाना जाणार आणि देशातल्या सगळ्या डिश बंद पडणार. सबब डिश छपरावर राहू द्यावी, सुरू करू नये. त्यांनी बटणावर लाखेचं सील मारलं.

मखुलूने त्या सीलावर नखाने टकटक केलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला नाही म्हणायला एकच माणूस पुरला होता, आणि एकच नजर. मला हो म्हणून नाही म्हणायला एवढे जण लागले. प्रगती आहे बाबा."

गाव पेटलं. सभा भरली. तेव्हा फाकामिले साहेबांनी सगळ्या गावालाच भागीदार करायची तयारी दाखवली. दर नाताळला घरटी एक घोंगडी आणि कोंबडी, अट एवढीच की गावाने आहे तसंच राहावं. मी सचिव या नात्याने लोकांना समजावलं, की प्रगतीला आपला विरोध नाही, ती फक्त आपल्या गावात नको. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करायची आम्हाला खडकामुळे सवय आहेच.

दुसऱ्या दिवशी मखुलू बोकडाला ओढत टेकडीवर आली. गोठ्यातलं मूठभर शेण तिने शालीच्या टोकाला बांधून आणलं होतं. ते खडकावर ठेवून म्हणाली, "झाला गोठा. हो बाजूला, लुन्गिले."

"मखुलू, हे कुठल्या वर्गात बसवू? ना मयत, ना बाळंतपण."

"ज्यांच्याशी बोलायचंय ते मेलेलेच आहेत ना रे?"

मी मयतात नोंद केली. तिने फोन वर धरला. तिकडून पोरीचं रडणं ऐकू आलं. मखुलूने कुळातल्या एकेका पूर्वजाचं नाव घेऊन तिची ओळख करून दिली. मधेच रडणं थांबलं. फोन तुटला असं आम्हाला वाटलं, पण लुथांडो हळूच म्हणाला, झोपली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. बोकड मात्र फार निबर निघाला.

कंपनीच्या जाहिरातीत आता मखुलूचा फोटो आहे: डिशखाली उभी, पोटभर हसणारी. तुम्ही पाहिला असेल. इंटरनेट असलेल्या सगळ्यांनी पाहिलाय, फक्त आमच्या गावाने नाही. आणि आम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण तुमच्या कपाटात गाडीच्या किल्लीशेजारी कमी उत्पन्नाचा दाखला ठेवलेला असेल, तर जरा हळू. ते तपासणीवाले अधिकारी सध्या मोकळेच आहेत.