इंजन एकच पाहिजे

खेळ बनवायला जमलेल्या आम्हा तिघांत मेश्रामभाऊ सगळ्यांत हुशार, आणि एकही खेळ न बनवलेले तेवढे एकटेच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पांढुर्ण्याला स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर होता. मालक काकाजींनी हौसेने आणलेला. शिकायला कुणी येईना, म्हणून रविवारी आम्ही त्यावर बसायचो. दिलीप कापसाच्या अडतीवर मुनीम. त्याचा खेळ नागपूरच्या रस्त्यावर बस हाकायचा. मी शाळामास्तर, माझ्या खेळात वरून संत्री पडायची, ती टोपलीत झेलायची. मेश्रामभाऊ सौंसरच्या बिजली ऑफिसातले बाबू. पहिल्या बसने यायचे आणि दोन्ही खेळांना लागणारा सामाईक भाग लिहायचे: चित्र हलवणं, टक्कर ओळखणं, गुण मोजणं. त्याला ते इंजन म्हणायचे.

"तू बी टक्कर लिवून राहिला, हा बी टक्कर लिवून राहिला. काऊन बाप्पा? इंजन एकच पायजे. डब्बे मंग कितीबी जोडा."

प्रोग्रॅम तेव्हा टेपच्या कॅसेटवर साठवायचे. आधी इंजनाची कॅसेट चालवायची, मग आपापल्या खेळाची. इंजनाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. दिलीपने एकदा त्यातला नुसता रंग बदलला, तर भाऊंनी दिवसभर त्याच्या हातचा चहा घेतला नाही.

घरीही तेच. सगळी भांडी एका तोंडाची, म्हणजे झाकण एकच पुरतं. सगळे सदरे एकाच थानातल्या कापडाचे, म्हणजे कोणाचंही बटन कोणालाही चालतं. पुतण्याच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून एकच रस्सा करवून घेतला. अर्ध्यात वांगी, अर्ध्यात चणे. व्याही म्हणाले, "दोन्हीची चव सारखीच लागून राहिली." भाऊ खूश. "म्हंजे इंजन पक्कं हाय!"

मी हसायचो, पण त्यांच्यामुळेच माझं वर्षाचं काम महिन्यात झालं होतं. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, लकवा होऊन गेल्याचं मला माहीत होतं. त्यांची तब्येत मात्र मी एकदाही विचारली नव्हती. भाऊ इंजनाबद्दलच बोलायचे आणि मला ते सोयीचं वाटायचं.

एक दिवस काकाजी म्हणाले, "गावच्या प्रदर्शनीत स्टॉल लावतो. लोकं थांबले त मशीन राहीन. नाई त विकतो अन् टाइपरायटर घेतो."

प्रदर्शनीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही खेळ लावून पाहिले. संत्री पिसासारखी तरंगत खाली येत होती. बस तर हलत होती की नाही, शंका यावी.

"भाऊ, ही बस हाय का बैलबंडी?" दिलीप ओरडला. "दोन्ही खेळ हळू, म्हंजे इंजनातच गडबड हाय. कोणं हात लावला?"

"म्या लावला," मेश्रामभाऊ म्हणाले.

मग बाहेर जाऊन ते वहिनींना घेऊन आले. त्या इतका वेळ बाहेर बाकावर बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली. भाऊंनी खुर्ची ओढून दिली, संत्र्याचा खेळ लावला. वहिनींचं बोट सावकाश बटनापर्यंत गेलं. टोपली सरकली. संत्रं पडलं ते टोपलीतच.

"वा वं!" भाऊ म्हणाले.

दिलीपचा आवाज खाली आला. "पण भाऊ, संत्र्याचाच खेळ हळू करायचा होता ना. सारं इंजन काऊन छेडलं?"

"तिले बस चालवा वाटली त? कोणता खेळ खेळाचा हे तिच्यासाठी मी काऊन ठरवू?" भाऊ खाली बघत म्हणाले. "तिचं खेळून झालं का पहिल्यासारखं करून देतो. उद्या तुमचं नुकसान नाई होऊ देत."

वहिनी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "दिलीपभाऊजी, तुमची बस लावा ना जी."

दिलीपने कॅसेट बदलली. ती चढली तशी बस सावकाश निघाली. मग तोच म्हणाला, "राहू द्या भाऊ. उद्या बी असंच चालू द्या."

प्रदर्शनीत पोरांनी तोंडं वाकडी केली. "मशीन झोपली का बे?" म्हणत ती पुढच्या स्टॉलकडे पळाली. त्यांच्या आया मात्र थांबल्या, मग आज्या बसल्या. दिवेलागणीला काकाजींनी आणखी एक बाक मागवला.

मेश्रामभाऊ गर्दीत वहिनींच्या खुर्चीमागे उभे होते. बस कुठे वळवायची ते सारखं सांगत होते, आणि वहिनी त्यांचं अजिबात ऐकत नव्हत्या.