अठ्ठ्याऐंशी टक्के चिपाड

सोमवारी सकाळी कॅल्क्युलेटरवर अठ्ठ्याऐंशीचा आकडा आला, तेव्हा वैजनाथने हिशेब पुन्हा केला. तरी अठ्ठ्याऐंशीच. उसाचं चिपाड युरियाच्या पाण्यात भिजवून, एकवीस दिवस झाकून ठेवून त्याने खडकीतल्या संस्थेच्या गाईला सात दिवस चारलं होतं. खाल्लेलं चिपाड आणि पडलेलं शेण, दोन्हींचं वाळलेलं वजन घ्यायचं. वजाबाकी म्हणजे पचलेलं. पुस्तकाच्या मते आकडा पन्नासच्या आत यायला हवा होता.

"पुस्तक लिहिणाऱ्याने आपली गाय पाहिली नसेल," मार्गदर्शक डॉ. श्याम दाबके म्हणाले आणि पुण्यात नव्याने आलेल्या परदेशी पशुखाद्य कंपनीला त्यांनी फॅक्स ठोकला. आकडा टिकला तर वैजनाथला तिथे नोकरी होती.

संध्याकाळी सरांनी त्याला आवारातल्याच क्वार्टरवर चहाला बोलावलं. अंगणात गुलाब मुठीएवढे फुलले होते.

"काकू, खत कुठलं घालता?"

"अहो, तुमच्याच गाईचं! कांताबाई गोठा झाडायला गेली की घमेलंभर शेण आणून देते," सरांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या.

सरांचा चहा बशीतच राहिला. "कधीपासून?"

"झाले सात दिवस. का, गाईने तक्रार केली?"

प्रयोग पुन्हा सुरू झाला. वैजनाथने कांताबाईला हात जोडले. "मावशी, शेण हलवू नका. तुम्ही नेलंत ते आमच्या वजनात कमी पडलं."

"मंग आधी सांगायचं न्हाय व्हय? मी काय चोर हाय?"

पुढच्या सोमवारी आकडा आला चार.

"शंभर खाते, शहाण्णव परत करते," सर म्हणाले. "इतकं प्रामाणिक जनावर पुण्यात दुसरं नसेल. कांताबाईंना बोलवा."

कांताबाई पदर खोचून उभी राहिली. "नावाला बट्टा नको म्हणून समदं परत केलं. सात घमेली नेली हुती, रोज एक टाकलं. शेजारच्या म्हशीचं हाय, पण मापाला कमी न्हाय."

सरांनी तिच्यादेखतच अठ्ठ्याऐंशी आणि चारची सरासरी काढली. शेहेचाळीस.

"सर, हाच लिहू?"

"आणि संदर्भ कुणाचा देणार? कांताबाईंच्या घमेल्याचा?"

गोठ्याला कुलूप लागलं, किल्ली वैजनाथच्या गळ्यात. गुलाबांचं खत बंद झालं म्हणून मंदाकिनीबाईंनी सरांशी अबोला धरला. तिसऱ्या सोमवारी नवा फॅक्स गेला, आणि कंपनीचं उत्तर आलं: पहिल्या आकड्यावर आमचा विश्वास बसला नव्हता, यावर बसला, एक तारखेला रुजू व्हावे.

वैजनाथ पेढे घेऊन गोठ्यात गेला. कांताबाईने पेढा तोंडात टाकला.

"किती निघालं?"

"शेहेचाळीस."

तिने कुलपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आठ दिस गोठा कोंडून हेच काढलंत व्हय?"