सामंतबाईंचा पाचोळा

सामंतबाईंकडे चहाला गेलात, तर बिस्किटांआधी दोन डबे समोर येतात. दोन्हींत माती. "वास घ्या!" पहिल्या वेळी मी कॉफी समजून चमचा घातला होता. एकात काळी, भुसभुशीत माती. दुसऱ्यात लाल, विटेच्या चुऱ्यासारखी. पहिली बाईंनी राखलेल्या जंगलाच्या तुकड्यातली, दुसरी शेजारच्या, दरवर्षी जळणाऱ्या उतारावरची.

हा तुकडा आमच्या वर्तकनगरच्या मागे, येऊरच्या डोंगरावर, फार तर आमच्या हॉलएवढा. उन्हाळ्यात डोंगरावर कोणी ना कोणी काडी टाकतंच. म्हणून बाई दरवर्षी तुकड्याभोवती जाळरेषा काढतात, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून चहूबाजूंचं गवत कापून मोकळा पट्टा ठेवतात. सहा वर्षं, एकटीने, विळ्याने. आतला थोडा पाचोळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलायचा आणि परत तिथेच पसरायचा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही रुसलेले. उमेदीची वर्षं त्यांनी उत्तरेत, चीड नावाच्या पाइन वृक्षांच्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. ती खोड काही जात नाही.

"पण झाडं तर हिरवी दिसतात," असं मी एकदा बोलून गेलो. कुठून बुद्धी झाली!

"वर काय बघता? खाली बघा! चीड असो नाहीतर साग, एकदा जळलेलं जंगल उठतं हो. दरवर्षी जाळलंत तर उठायच्या आत पुन्हा आडवं. पाला गेला, रोपं गेली, मातीत धरून ठेवलेला कार्बन हवेत गेला. उपाशी माणूस उभा आहे म्हणून त्याला धडधाकट म्हणाल का?"

तुकडा बघायला त्या मला कितीदा बोलवायच्या. मी दर वेळी कंबरेचं कारण सांगायचो.

गेल्या फेब्रुवारीत सोसायटीने डोंगरावर स्वच्छता मोहीम काढली. सेक्रेटरी मीच. टोप्या, हातमोजे, उपमा, सगळं साग्रसंगीत. प्लास्टिकच्या बाटल्या संपल्या तरी आमचा उत्साह संपेना. एका जागी पाचोळ्याचा हा जाड थर!

"काका, इथे कुणी झाडूच मारलेला नाय," बी विंगचा नितीन म्हणाला.

भोवतीचं गवत कापलेलं बघून मला वाटलं, चला, अर्धं काम कुणीतरी केलंय. आम्ही अकरा जणांनी पाचोळा खराट्याने गोळा केला आणि अंगणातल्या सवयीने पेटवून दिला. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकले. तासाभराने बाईंचा मेसेज आला, "तो माझा तुकडा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड पाडून त्यांच्या दारात. बाई बूट घालून तयार. "माफी वाटेत मागा. जळल्यावर लगेच माप घ्यावं लागतं."

वर पोचेपर्यंत त्या चार वेळा बसल्या, पण मागे फिरू म्हणाल्या नाहीत. राखेपाशी त्यांनी मोजमापाची वही माझ्याकडे दिली. "लिहा. पुन्हा पहिलं वर्ष."

वहीत तीन रकाने होते: तारीख, वजन, सोबत. सहा वर्षांच्या प्रत्येक तारखेपुढे, सोबतच्या रकान्यात सुबक अक्षरात 'कोणी नाही'. फक्त आदल्या दिवसापुढे आम्हा अकराही जणांची नावं, फोटोत एकेकाला ओळखून लिहिलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इतकी माणसं इथे कधी आलीच नव्हती हो," बाई म्हणाल्या. "रविवारी परत येतील का? जाळरेषा रुंद करायचीय."